शब्दांची विचारपूस : बहर, बहार आणि भर

गेल्या अंकात डाळिंबाच्या बागांविषयीचे एक टिपण आले होते. त्यात एका ओळीत ‘मृग बहार धरला’ असे होते आणि पुढच्याच ओळीत ‘बाग बहरात आली’ असे. या दोन रूपांवरून आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रे लांब होती, म्हणून प्रश्नांचा गाभा तेवढा घेतला आहे.

प्रश्न : माझ्या मुलाने निबंधात ‘आम्ही डाळिंबाचा आंबे बहार धरला’ असे लिहिले होते. गुरुजींनी ‘बहार’ खोडून ‘बहर’ केले आणि समासात ‘बहार हा शब्द स्त्रीलिंगी आहे’ असा शेरा मारला. आपल्या अंकात मात्र ‘मृग बहार धरला’ असेच छापले आहे. शुद्ध काय मानावे? (एक वाचक, सांगोला)

उत्तर : मुलाचे वाक्य शुद्ध आहे. गुरुजींनी शेऱ्यात सांगितलेला नियमही खोटा नाही. फक्त तो या वाक्याला लागू होत नाही.

बहर आणि बहार ही एकाच फारसी शब्दाची दोन मराठी रूपे आहेत. मूळ शब्द ‘बहार’ आणि त्याचा अर्थ वसंत ऋतू. मराठीत येताना त्याचे एक रूप आखडले आणि ‘बहर’ झाले. हे रूप इतके मुरले की त्याला ‘बहरणे’ हे अस्सल मराठी क्रियापद फुटले. ‘बहारणे’ असे क्रियापद कोणी वापरत नाही. हा ‘बहर’ नेहमी पुल्लिंगी असतो: पारिजातकाला बहर आला, बहर ओसरला, झाड ऐन बहरात आहे. दुसरे रूप मूळ उच्चार सांभाळून ‘बहार’ असेच राहिले, पण त्याने दोन वेगळे संसार थाटले. गाण्याच्या बैठकीत आणि जेवणाच्या पंगतीत ती ‘बहार’ स्त्रीलिंगी आहे: ‘काल मैफलीत काय बहार आली!’, ‘पोरांनी नाटकात नुसती बहार उडवून दिली’. ‘बहारदार’ हे विशेषण आणि जुन्या बोलण्यातले ‘बहारीचे गाणे’ ही तिचीच लेकरे. फळबागेत मात्र तो ‘बहार’ पुल्लिंगी आहे: बहार धरला, बहार फुटला, बहार विकला. एकाच शब्दाला दोन लिंगे आणि प्रत्येक लिंगाला आपापला अर्थ, ही गोष्ट मराठीला नवी नाही. ‘बराच वेळ गेला’ आणि ‘तशी वेळ आली’ या दोन वाक्यांतला ‘वेळ’ आपण रोज वापरतो आणि अडखळत नाही.

गुरुजींच्या मनात मैफलीतली बहार होती आणि मुलाच्या मनात बागेतला बहार. ज्या तालुक्यात डाळिंबे पिकतात तेथील मुलाला बागेतला शब्द आधी ठाऊक असणार, आणि माझ्या मते या बाबतीत बागेचाच शब्द प्रमाण धरायला हवा. कारण ‘बहार धरणे’ हा अलंकारिक वाक्प्रचार नसून एका कामाचे नाव आहे. शेतीशी संबंध नसलेल्या वाचकांसाठी ते काम थोडक्यात सांगतो.

डाळिंब, संत्रे, मोसंबी, लिंबू, पेरू ही झाडे आपल्या हवामानात मोकळी सोडली तर वर्षातून दोन-तीनदा थोडी थोडी फुलतात. सगळीच फुले ठेवली तर फळ कोणत्याच वेळी धड मिळत नाही. म्हणून बागाईतदार एकच बहार निवडतो आणि बाकीचे सोडून देतो. या बहारांची नावे मोठी सुंदर आहेत. जानेवारी-फेब्रुवारीत, म्हणजे आंबा मोहरतो त्या सुमारास येणारा तो आंबे बहार. काटोल, वरुड, मोर्शी या संत्र्यांच्या पट्ट्यात त्यालाच ‘आंबिया’ म्हणतात. मृग नक्षत्राच्या पावसावर, जून-जुलैत फुटणारा तो मृग बहार. हस्ताच्या पावसाच्या आगेमागे, सप्टेंबर-ऑक्टोबरात येणारा तो हस्त बहार. लिंबाचा हस्त बहार साधला तर फळ ऐन उन्हाळ्यात हाती येते आणि त्याला भाव चांगला मिळतो. पण तो साधणे कठीण, कारण त्यासाठी भर पावसाळ्यात झाडाला तहानलेले ठेवावे लागते.

तहानलेले ठेवणे हेच बहार धरण्याचे मर्म आहे. बागेचे पाणी तोडतात. याला ‘ताण देणे’ म्हणतात आणि तशा बागेला ‘ताणावर सोडलेली बाग’. नात्यातल्या एका बागाईतदारांबरोबर एकदा डिसेंबरात त्यांच्या डाळिंबाच्या बागेत गेलो होतो. जमिनीला भेगा पडल्या होत्या, खालची पाने पिवळी पडून आळ्यात साचली होती आणि झाडे आजारी असावीत असे माझ्यासारख्याला वाटत होते. त्यांनी मात्र शेंड्याचे एक पान चिमटीत धरून पाहिले आणि म्हणाले, “अजून ताण बसला नाही. वरचं पान हिरवं आहे.” हलक्या जमिनीत महिनाभरात, भारी काळ्या रानात दीड-दोन महिन्यांनी ताण बसतो, पानगळ होते, मग छाटणी करून खते घालतात आणि पहिले हलके पाणी देतात. त्या पाण्याला ‘आंबवणी’ असा खास शब्द आहे. पुढे काड्यांचे डोळे फुगतात, कोवळी तांबूस पालवी येते आणि तिच्यामागून शेंदरी-लाल कळ्या निघतात. त्यातही नर कळी आणि मादी कळी वेगळी असते. नर कळ्या गळून पडतात आणि बागाईतदाराचे सगळे लक्ष ‘मादी कळी किती निघाली’ इकडे असते.

शब्दाचा अर्थ कसा सरकत गेला तेही येथे दिसते. मूळ फारसीत ‘बहार’ हा ऋतू. मराठीत तो फुलांचा हंगाम झाला, मग प्रत्यक्ष फुले (‘बहार फुटला’), आणि शेवटी झाडावरचे पीकच (‘मृग बहार व्यापाऱ्याला दिला’). फारसीत वर्षाला एकच बहार असतो, मराठी बागेत तीन असतात. वसंताशी असलेले नाते आपण सोडले, हंगामाशी असलेले नाते राखले. पारिजातकाचा सडा श्रावण-भाद्रपदात पडतो आणि त्याला आपण निःशंकपणे ‘बहर’ म्हणतो, ते याचमुळे.

तेव्हा गुरुजींना नमस्कार सांगून एवढेच कळवावे की ‘बहर धरला’ हेही चालते, अनेक जण तसे लिहितात, पण ‘बहार धरला’ हे खोडण्याचे कारण नाही.

प्रश्न : ‘बहर’ हा शब्द फारसी असेल तर ज्ञानेश्वरांच्या ‘मोगरा फुलला’ या अभंगात तो कसा आला? ‘फुले वेचिता बहरु कळियांसी आला’ असे आम्ही लहानपणापासून म्हणत आलो आहोत. ज्ञानेश्वरांच्या काळी मराठीत फारसी शब्द होते काय? (एक वाचिका, बडोदे)

उत्तर : या महिन्यातला सर्वांत चांगला प्रश्न आपला आहे आणि त्याचे उत्तर ‘बहर’ शब्दापेक्षा पाठभेदात आहे.

आपण म्हणता तो पाठ गायनामुळे घरोघरी पोचला. परंतु छापील गाथांमध्ये या ओळीचा आणखी एक पाठ आढळतो: ‘फुले वेचितां अतिभारु कळियांसी आला’. तेथे बहर नसून भार आहे. ‘भार’ हा संस्कृत शब्द, जुन्या मराठीत सहज वावरणारा. ‘बहरु’ आणि ‘भारु’ हे दोन शब्द भराभर म्हणून पाहा. ‘ब’ आणि ‘ह’ जवळ आले की ‘भ’ होण्याला वेळ लागत नाही, आणि ‘भ’ थोडा लांबवला की त्यातून ‘बह’ निघतो. पिढ्यान्‌पिढ्या मुखाने म्हटल्या जाणाऱ्या अभंगात अशी अदलाबदल होणे अगदी स्वाभाविक आहे. त्यातून मोगऱ्याशेजारी ‘बहर’ शब्द ऐकू यावा अशी आपल्या कानाला सवय झालेली. कान आपल्या ओळखीचा शब्द आधी उचलतो.

आता काळाचा मुद्दा. ज्ञानेश्वरी सांगून झाली ती शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्ये. अल्लाउद्दीन खिलजीची देवगिरीवर पहिली स्वारी झाली १२९६ मध्ये. फारसी ही राज्यकारभाराची भाषा म्हणून महाराष्ट्रात स्थिरावली ती त्यानंतर, आणि तिचे शब्द घराघरांत, बागाबागांत उतरायला आणखी काळ जावा लागला. व्यापाराच्या वाटेने एखादा परका शब्द आधी येऊ शकतो, हे मान्य. पण मोगऱ्याच्या वेलीवरच्या कळ्यांचे वर्णन करताना त्या काळच्या कवीला ‘बहर’ शब्द सुचावा हे मला संभवनीय वाटत नाही. ‘बहरु’ या रूपातल्या शेवटच्या उकारावरून तो शब्द जुना ठरवण्याचा मोह होतो, परंतु तोही पुरावा म्हणून चालत नाही. जुन्या मराठीत पुल्लिंगी नामाला प्रथमेत उकार लागे (वेलु, भारु, विठ्ठलु) आणि अभंग म्हणणारा उत्तरकालीन माणूसही त्याच चालीवर नव्या शब्दाला उकार लावतो.

अर्थाच्या अंगानेही ‘अतिभारु’ अधिक रसाळ आहे असे माझे मत. इवलेसे रोप दारी लावले, त्याचा वेल गगनावेरी गेला, मोगरा फुलला आणि फुले वेचता वेचता कळ्यांचा भार आणखीच वाढला. फुले काढून घेतली की वेल हलका व्हायला हवा. येथे तो अधिक जड होतो. या उलट गणितातच त्या ओळीची गोडी आहे आणि ‘बहर’ घातला की ती पातळ होते. म्हणून गाताना हवे ते गावे. लहानपणापासून जिभेवर बसलेली ओळ बदलण्याचा आग्रह मी कोणाला करणार नाही. मात्र ‘बहर’ शब्द ज्ञानेश्वरकालीन आहे, असे सांगण्यासाठी या अभंगाचा आधार घेऊ नये.

आपल्या पत्राच्या शेवटी आपण विचारले आहे की शब्द परका असल्यास त्याऐवजी संस्कृत शब्द वापरावा काय. त्याची गरज नाही, आणि गंमत अशी की हा परका शब्द आपल्या ‘वसंता’चा दूरचा भाऊ आहे. फारसी आणि संस्कृत या भाषा एकाच कुळातल्या. संस्कृतातल्या ‘स’च्या जागी तिकडे पुष्कळदा ‘ह’ येतो: सप्ताह आणि हफ्ता, सिंधु आणि हिंदू, मास आणि माह. शब्दाच्या आरंभीच्या ‘व’चा तिकडे ‘ब’ होतो: आपला वात, त्यांचा वाऱ्याच्या अर्थाचा बाद. याच दोन वाटांनी, वसंत ज्या मूळ शब्दापासून आला त्याच शब्दापासून इराणात आधी ‘वहार’ आणि मग ‘बहार’ झाले. तेव्हा ‘बहर’ घराबाहेर काढून ‘वसंत’ घरात घेणे म्हणजे एका भावाला हाकलून दुसऱ्याला बोलावणे होईल. माधवराव पटवर्धनांनी, म्हणजेच कवी माधव जूलियनांनी, १९२५ साली फारसी-मराठी कोश प्रसिद्ध केला. तो नुसता चाळला तरी आपल्या घरातले किती शब्द त्या वाटेने आले हे दिसते आणि अशा हकालपट्टीचा उत्साह मावळतो.

प्रश्न : आमच्याकडे ‘आंब्याला बहर आला’ असे कोणीही म्हणत नाही. आम्ही ‘मोहोर आला’ म्हणतो. पाठ्येतर वाचनाच्या पुस्तकांत मात्र आंब्याला सर्रास बहर आणलेला दिसतो. हे बरोबर आहे काय? (एक वाचक, दापोली)

उत्तर : चूक म्हणता येणार नाही, पण ते आंबा लांबून पाहिलेल्या माणसाचे लिहिणे आहे. आंब्याला आणि काजूला मोहोर येतो. डिसेंबर-जानेवारीत थंडी बरी पडली की कलमे मोहरतात, हवा ढगाळली की तुडतुडे पडतात, मोहोर काळा पडतो आणि गळतो, आणि त्या दिवसांत कोकणातल्या माणसाशी मोहोराखेरीज दुसऱ्या कशाविषयी बोलण्यात अर्थ नसतो. या सबंध व्यवहारात ‘बहर’ शब्दाला कोठे जागा नाही. मौज अशी की फळबागांतल्या ज्या बहाराला आंब्याचे नाव मिळाले, तो ‘आंबे बहार’ डाळिंबाचा किंवा संत्र्याचा असतो. आंब्याचा कधीच नसतो.

‘मोहोर’ हा शब्द संस्कृतातल्या ‘मुकुल’ (कळी) शब्दाच्या घराण्यातला. हिंदीतले मौर आणि बौर हे त्याचेच सोयरे. शिक्का या अर्थाची ‘मोहर’ वेगळी. ती फारसीतून आली आणि तिचा आंब्याशी काही संबंध नाही. ‘मोहरणे’ हे क्रियापद माणसालाही लागते, पण बहरण्याहून निराळ्या अर्थाने. अंग मोहरते ते क्षणभर, एखाद्या स्पर्शाने किंवा सुराने; माणूस बहरतो तो काही महिने किंवा काही वर्षे.

आपले पत्र वाचल्यावर फुलण्याचे शब्द आठवत बसलो आणि लक्षात आले की आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक पिकाला वेगळा शब्द आहे. नारळ-सुपारीला पोय येते. केळीला केळफूल येते आणि केळ ‘निसवते’. भातही निसवते, पण त्याआधी ते पोटरीत येते. तुळशीला मंजिरी, उसाला तुरा, कांद्याला डेंगळे. यांतल्या शेवटच्या दोन शब्दांपाशी जरा थांबायला हवे. उसाला तुरा आला की त्याची वाढ थांबते आणि पुढे तो आतून पोकळ पडू लागतो, म्हणून तुरा पाहून शेतकऱ्याला आनंद होत नाही. त्याला तोडणीची घाई सुटते. कांद्याला डेंगळे आले की गड्ड्यात जायचे ते सत्त्व दांड्यात जाते आणि तो कांदा बाजारात मार खातो. दिसायला ही फुलेच आहेत. उसाच्या फडावर हजारो रुपेरी तुरे वाऱ्यावर डोलताना रस्त्यावरून जाणारा प्रवासी ‘काय बहर आलाय!’ असे म्हणेलही. पण तुऱ्याला आणि डेंगळ्याला बहर म्हणणारा शेतकरी मला आजवर भेटलेला नाही. ज्या फुलण्याची वाट पाहिली जाते, ते शेतकऱ्याच्या तोंडी बहर होते.

प्रश्न : मी एका दैनिकात उपसंपादक आहे. ‘तालुक्यात अवैध धंदे बहरले’ या माझ्या मथळ्यावरून कार्यालयात वाद झाला. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी ‘खेळ ऐन बहरात आला असताना वीज गेली’ हे वाक्यही चूक ठरवले आणि ‘भरात’ करायला लावले. या शब्दाला काही मर्यादा आहेत काय? (एक वाचक, नांदेड)

उत्तर : आहेत आणि दोन्ही वेळा आपले ज्येष्ठ सहकारी बरोबर होते, असे मला वाटते.

पहिल्या मथळ्याचे उत्तर वरच्या पत्रात अर्धे आलेच आहे. नको असलेली वाढ दाखवायला मराठीत स्वतंत्र क्रियापदे आहेत. तण फोफावते, रान माजते, भ्रष्टाचार बोकाळतो. अवैध धंदेही फोफावतात किंवा बोकाळतात. ‘बहरले’ लिहिले की वार्ताहराला त्या धंद्यांचे कौतुक वाटते आहे की काय, अशी शंका येते. उपरोधाने लिहायचे असेल तर गोष्ट वेगळी, पण मथळ्यात उपरोध कळत नाही.

दुसरे वाक्य अधिक नाजूक आहे, कारण ‘भर’ आणि ‘बहर’ यांची गल्लत फार जुनी आणि फार पसरलेली आहे. ‘भर’ म्हणजे भरलेपण, ओझे, जोर. त्याचे कुळ ‘भरणे’ या क्रियापदाचे. खेळ भरात येतो, वाद भरात येतो, पाऊस भरात असतो. माणूस रागाच्या भरात बोलतो, उत्साहाच्या भरात कबूल करून बसतो. या प्रत्येक ठिकाणी काहीतरी काठोकाठ भरत गेलेले आहे. ‘रागाच्या बहरात’ कोणी म्हणत नाही, कारण रागाला हंगाम नसतो. आणि ‘भरभराट’ हा शब्दही याच भराच्या घरचा आहे. धंद्याची भरभराट होते, गाव भरभराटीला येते. तेथे फुलांचा संबंध नाही, कोठार भरण्याचा आहे. मराठीने उत्कर्षाचे असे दोन हिशेब वेगवेगळ्या वह्यांत ठेवले आहेत: भरत जाण्याचा एक आणि फुलून येण्याचा एक.

दोन्ही शब्द चालतील अशा जागा थोड्या आहेत, आणि तेथेही अर्थ बदलतो. ‘तारुण्याच्या भरात त्याने घर सोडले’ यात तारुण्य म्हणजे जोर, आवेग, आंधळेपणा. ‘तारुण्याच्या बहरात त्याने घर सोडले’ असे लिहिले तर आवेग नाहीसा होतो आणि वाचकाला हळहळ वाटू लागते. जे फुलायला आले होते तेच निघून गेले, असा सूर लागतो. गायकाचा आवाज भरात आला म्हणजे त्या रात्री, तासाभराच्या गाण्यानंतर, गळा तापला. गायकाचा आवाज बहरात होता म्हणजे त्याच्या आयुष्याची ती काही वर्षे. क्रिकेटच्या वर्णनात ‘फलंदाज भरात आला’ आणि ‘फलंदाज कारकिर्दीच्या बहरात आहे’ या दोन्ही वाक्यांना जागा आहे, परंतु त्यांची अदलाबदल होऊ शकत नाही.

आणखी एक मर्यादा मथळे लिहिताना उपयोगी पडेल. एकटे फूल बहरत नाही. कळी उमलते, फूल फुलते, झाड फुलते किंवा बहरते, बाग बहरते. बहर समुदायाचा असतो. त्याला पुष्कळपणा लागतो. म्हणून ‘तिच्या केसांतला गुलाब बहरला होता’ हे वाक्य कवितेतही खटकते. त्याचप्रमाणे ज्याला शेवट असू शकत नाही किंवा ज्याचा शेवट सुचवायचा नाही, तेथे हा शब्द जपून वापरावा, कारण बहराच्या पोटातच ओसरणे असते. नव्या उद्योगाच्या उद्‌घाटनाच्या बातमीत ‘उद्योगाला बहर येवो’ अशी शुभेच्छा मी देणार नाही. दोन महिन्यांत गळून पडणारी फुले डोळ्यांपुढे येतात. तेथे ‘भरभराट होवो’ हेच योग्य. कायमपणा सांगायचा झाला तर ‘सदाबहार’ असे मुद्दाम ‘सदा’ जोडून म्हणावे लागते, यावरूनच नुसत्या बहराचे आयुष्य किती ते कळते.

बाकीच्या जागांसाठी भाषेने सोयी करून ठेवल्याच आहेत. मैफल रंगते, चेहरा खुलतो, नशीब फळफळते, संसार फुलतो, बाजारपेठ गर्दीने फुलून जाते. यांतल्या कोणत्याही ठिकाणी ‘बहरणे’ बसवता येते, आणि गेल्या काही वर्षांत वर्तमानपत्रांत आणि दूरचित्रवाणीवर ते बसवलेही जाते. मैत्री बहरते, नाते बहरते, पर्यटन बहरते, खाद्यसंस्कृती बहरते. यांपैकी मैत्रीला आणि नात्याला माझी हरकत नाही. ती वाढवावी लागतात, त्यांना ऋतू असतात, प्रसंगी ताणही द्यावा लागतो. पर्यटनाच्या वाट्याला मात्र साधे ‘वाढले’ हे क्रियापद पुरे आहे.

प्रश्न : मराठी गझलेच्या समीक्षेत ‘या गझलेची बहर अवघड आहे’ असे वाचले. येथे बहर स्त्रीलिंगी कशी? ही मुद्रणाची चूक आहे काय? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : चूक नाही, हा शब्दच निराळा आहे. गझलेतली ‘बहर’ (मूळ उच्चार ‘बह्र’) अरबी असून तिचा अर्थ समुद्र. छंदशास्त्रात हा शब्द वृत्त या अर्थाने वापरतात आणि उर्दूत तो स्त्रीलिंगी आहे, म्हणून मराठी गझलकारही पुष्कळदा ‘ही बहर’ असे लिहितात. बहरीन या देशाच्या नावात हाच समुद्र दोनदा आहे. त्या नावाचा अर्थच ‘दोन समुद्र’. फुलांच्या बहराशी तिचे नाते केवळ देवनागरी लेखनापुरते, कारण अरबीतला ‘ह’ आणि फारसी ‘बहार’मधला ‘ह’ मूळ लिपीत दोन वेगळी अक्षरे आहेत आणि आपल्याकडे दोन्हींना एकच अक्षर मिळाले. गोंधळ टाळायचा असेल तर समीक्षेत सरळ ‘वृत्त’ लिहावे. नाहीतर ‘या कवीच्या बहरातल्या गझलेची बहर’ अशी वाक्ये छापावी लागतात आणि मग मुद्रितशोधक त्यांतला एक बहर चूक समजून काढून टाकतो.